साहेब जेवल्याचा पुरावा

सरडा पाळायचा असेल तर घरात कोणाला विचारू नये. विचारलं की लोक विचार करतात, आणि विचार केला की माणूस शेवटी मासे पाळतो. मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तेही सगळ्यांच्या तोंडात घास असताना, म्हणजे लगेच उत्तर यायची भीती नाही.

"मी सरडा आणणार आहे. तो रंग बदलणारा."

मुलाने घास गिळला. सूनबाईने पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला बरं वाटतंय ना?"

हा माझा मुलगा विमा कंपनीत आहे. तिथे त्याचं काम काय, तर खोटे दावे पकडायचे. कोणी म्हणालं गाडी जळाली, की हा राख बघायला जातो. कोणी म्हणालं दुकान फोडलं, की हा कुलूप हुंगतो. दिवसभर लोकांवर अविश्वास ठेवायचा त्याला पगार मिळतो, आणि उरलेला अविश्वास तो संध्याकाळी घरी घेऊन येतो. सूनबाई बँकेत कर्जाच्या टेबलावर. म्हणजे तिकडेही कागदाशिवाय पान हलत नाही. आणि अशा या दोघांच्या मधे मी.

माझ्याबद्दल लोक म्हणतात, आजी थापा मारतात. मारते. पण थाप आणि खोटं यात फरक आहे, तो कोणी समजून घेत नाही. खोटं माणूस फायद्यासाठी बोलतो, थाप आनंदासाठी. लहानपणी आमच्या विहिरीत एवढं मोठं कासव होतं की आम्ही भावंडं त्याच्या पाठीवर बसून पत्ते खेळायचो, हे मी सांगते. आता यात कोणाचं काय नुकसान आहे? कासव मागून माझी पानं बघायचं, हे तर मी सगळ्यांना सांगतही नाही.

तर सरडा कशाला, असं तुम्ही विचाराल. सांगते. या दोघांनी मला आरामाला बसवलं होतं. आधी स्वयंपाकघर काढून घेतलं, "आई, तुम्ही आता दमू नका." मग बाजाराची पिशवी गेली, "आई, रस्त्यावर गर्दी असते." शेवटी कपड्यांच्या घड्यासुद्धा गेल्या. घड्या घालून कोणी दमल्याचं तुम्ही ऐकलंय? सकाळी दोघं कामाला गेली की मी आणि आराम, असे आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. घरात असं काहीच उरलं नव्हतं की जे माझ्यावाचून अडेल. मला एक तोंड हवं होतं, जे मी उठले नाही तर उपाशी राहील. कुत्रा मला ओढत नेईल, मांजर कोणाचीच नसते, आणि पोपट मधे बोलतो. घरात एकाच वेळी एकानेच बोलावं, असं माझं मत आहे.

मुलाने अट घातली. "महिनाअखेरपर्यंत बघू. असले प्राणी घरात खात नाहीत, झुरून मरतात. तो नीट खातो हे मी स्वतः पाहिलं तर राहील. नाहीतर दुकानात परत."

"तू स्वतः कशाला? मी सांगीन की."

यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं एकमत मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं.

दुकानात जायला बरोबर आले वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. निवृत्त आहेत, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळे. वाटेत म्हणाले, "सरडा शांत बघून घ्या, आजी. चळवळ्या नको. वर्गात शांत बसणारं पोर नेहमी हुशार निघतं."

दुकानदारीण बाई जाड चष्म्याची, खांद्यावर एक घूस का काय ते घेऊन हिशोब करत होती. मला म्हणाली, "आजी, याआधी काय पाळलंय?"

"मगर," मी म्हटलं.

तिने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं. "म्हणजे पहिलीच वेळ. या."

जाळीच्या पिंजऱ्यांत तिघं होते. पहिला तळाशी डोळे मिटून पडलेला. हेडमास्तर लगेच म्हणाले, "हा घ्या! बघा कसा ध्यानस्थ आहे."

"तो आजारी आहे," बाई म्हणाली. "सरडा दिवसाढवळ्या डोळे मिटत नाही. तो विकायला नाहीच."

हेडमास्तरांची किती हुशार पोरं अशीच आजारी असतील, याचा मी मनात हिशोब केला.

दुसरी मादी होती, गोंडस, हिरवीगार. मला आवडली. पण बाई म्हणाली, "पहिल्यांदा पाळताय तर मादी नको. नर असो नसो, ती अंडी घालते. नवख्यांना ते सांभाळता येत नाही." मी सूनबाईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, त्यात अंडी घातली, आणि पुढे सरकले.

तिसरा फांदीवर बसला होता. डोक्यावर हेल्मेटसारखा तुरा. मला बघताच अंग फुगवलं, तोंड उघडलं आणि फुसकन ओरडला. एक डोळा माझ्याकडे, दुसरा हेडमास्तरांकडे. आणि दोन्ही डोळ्यांत सारखीच तुच्छता. मी जाळीतून काडी पुढे केली तर पंजाने अशी घट्ट धरली, की सोडेचना.

"डोळे भरलेले आहेत, पकड चांगली आहे, आणि जंगलातून धरून आणलेला नाही, इथेच जन्मलाय," बाई म्हणाली. "स्वभाव मात्र असा."

आमच्या ह्यांचे कचेरीतले साहेब असेच होते. जागचे हलायचे नाहीत, एक डोळा माणसावर, एक घड्याळावर, आणि पुढे गेलं की फुसकन अंगावर यायचे. मी म्हटलं, "साहेब, चला."

बाईने पिंजरा दिला, दिवा दिला, रातकिड्यांचा डबा दिला, आणि बजावलं, "हाताळू नका. लाड करू नका. आणि वाटीत पाणी ठेवू नका, तो वाटी ओळखत नाही. पानावरून ओघळणारा थेंबच फक्त पितो. त्यासाठी दवाखान्यातली सलाईनची नळी लावा."

मी औषधाच्या दुकानात गेले. "सलाईनची नळी द्या."

औषधवाल्याने हळहळत विचारलं, "कोणासाठी, आजी?"

"साहेबांसाठी."

"फार त्रास आहे का?"

"त्यांना नाही हो. ते फक्त थेंब थेंब घेतात. वाटी ओळखत नाहीत."

यात मी एक अक्षर खोटं बोलले असेन तर सांगा. पण मी घरी पोचून नळी लावतेय तोवर बातमी माझ्याआधी जिना चढून आली होती. साहेब म्हणजे आमचा मुलगा, त्याने अंथरूण धरलंय, माणसं ओळखत नाही, सलाईनवर आहे. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई डोळ्यांना पदर लावून आली. मागून आणखी दोघीतिघी. सगळ्या हलक्या आवाजात बोलत होत्या आणि मला बळेबळे खुर्चीत बसवत होत्या. तेवढ्यात मुलगा कामावरून आला आणि दारात बूट काढू लागला. शिवणवाली बाई अशी किंचाळली की साहेब पहिल्याच दिवशी काळेठिक्कर पडले.

मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "आई, तू लोकांना काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"तेच तर," तो म्हणाला.

पुढचं संकट त्या नळीनेच आणलं. थेंब पानावर, पानावरून फांदीवर, फांदीवरून तळाशी ठेवलेल्या डब्यात, असा त्याचा रस्ता. डबा रिकामा करायचं काम माझं. एका दुपारी मी साहेबांना कासवाची गोष्ट सांगत बसले आणि डबा विसरले. गोष्ट ऐन रंगात असताना खालून शिवणवाली बाई वर आली. हातात कोणाचा तरी नवाकोरा पांढरा कोट, आणि त्यावर आमच्या फरशीतून उतरलेला पिवळा नकाशा.

मी कोट धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिला. पण तक्रार सेक्रेटरींकडे गेली ती गेलीच. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे नियमांचा माणूस. शिंकसुद्धा कलमाप्रमाणे देतात. संध्याकाळी वर आले.

"आजी, आपल्या नियमावलीत कुत्रा आहे, मांजर आहे, पिंजऱ्यातला पक्षी आहे, काचेतले मासे आहेत. सरडा नाही."

"मग त्याला पक्ष्यात घाला. पिंजऱ्यातच आहे."

"पंख आहेत का?"

"फुटायचे आहेत."

"आजी, माझ्याकडे याच्याविरुद्ध दहाबारा तक्रारी आल्या आहेत."

आता तक्रार एकच होती, कोटाची, आणि कोट तर बगळ्यासारखा झाला होता. मला राग आला. राग आला की माझ्या तोंडून थाप आपोआप निघते, त्याला माझा इलाज नाही. मी म्हटलं, "सेक्रेटरी, जपून बोला हं. याच्यासमोर कोणी खोटं बोललं की हा काळा पडतो."

सेक्रेटरी हसले आणि सवयीप्रमाणे मोठ्या आवाजात बोलत पिंजऱ्यावर वाकले. "दहाबारा म्हणजे, दहाबारा तरी..."

एवढं मोठं तोंड अंगावर आल्यावर कोणता सरडा हिरवा राहील? साहेबांनी अंग फुगवलं आणि बघता बघता शेपटीपासून तुऱ्यापर्यंत काळे झाले.

सेक्रेटरी सरळ झाले. घसा खाकरला. "एक तक्रार आहे," ते म्हणाले. मग साहेबांच्या एका डोळ्याकडे बघून, "तीही मिटल्यासारखीच आहे," असं म्हणून गेले ते पुन्हा आले नाहीत.

आणि गंमत बघा. ही निव्वळ थाप, पण अख्ख्या इमारतीने ती डोळे झाकून मानली. शिवणवाली बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली आणि पिंजऱ्यासमोर उभं करून म्हणाली, "हं, आता सांगा. परवा कुठे होतात?" तो बिचारा तोंडच उघडेना. हेडमास्तर येताना आधी दारातून विचारायचे, "साहेब आत आहेत का?" आणि असले तर बाहेरूनच सल्ला देऊन जायचे. सगळ्यांना हे पटलं. पण साहेब जेवतात, हे माझं खरं बोलणं माझ्याच घरात कोणाला पटेना.

कारण साहेब कोणासमोर जेवत नसत. मोठ्या माणसांचं असतं तसं. मी एकटी पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून ओंडक्यासारखी बसले, की बऱ्याच वेळाने दोन डोळे, जे एरवी दोन दिशांना फिरायचे, ते एकदम एकाच रातकिड्यावर येऊन थांबायचे. मग तोंड थोडंसं उघडायचं. आणि मग सट्कन! जीभ अंगापेक्षा लांब, बाणासारखी सुटायची, आणि तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत किडा तोंडात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले आणि साहेबांनी पुढचा घास टाकला.

संध्याकाळी मी धावत दोघांना सांगितलं. "अरे, त्याचा एक डोळा इकडे बघतो, एक तिकडे, आणि जीभ अंगाहून लांब! टोकाला चिकट गोळा!"

"आणि कासव काय म्हणालं?" मुलाने विचारलं.

आयुष्यभर मी ज्या थापा रचल्या, त्या सगळ्यांना या प्राण्याने नुसत्या असण्याने मागे टाकलं होतं. आणि सांगायला मिळाले कोण, तर मीच.

मुलगा मात्र कामाला लागला. घरी आला की पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसायचा, राख बघायला जातो त्याच चेहऱ्याने. साहेब त्याच्याकडे एक डोळा लावून बसायचे. दोघांपैकी कोणी जेवायचं नाही. सूनबाई दोघांनाही ताटावर बोलवायची. मग त्याने फोन लावून ठेवला, दिवसभर चित्र घ्यायला. फोनच्या काळ्या काचेत साहेबांना दुसरा सरडा दिसला. त्यांनी दिवसभर त्या दुसऱ्या साहेबाला फुसफुसून झोडपलं आणि पाण्याचा थेंबही घेतला नाही. संध्याकाळी ते चित्र बघून मुलगा म्हणाला, "बघ. उपाशी आहे."

"तुझ्या फोनमुळे!"

"आई, प्रत्येक दावेदार असंच काहीतरी सांगतो."

मी म्हटलं, बरं, रातकिडे कमी होतात ते? ते काय मी खाते? तर नेमकं त्याच वेळी फ्रिजच्या मागे किर्र वाजलं. मग कपाटात किर्र. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि साहेबांच्या, म्हणजे त्याच्या खऱ्या साहेबांच्या, बैठकीत त्याचा बूट किर्र वाजला. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "रातकिडे कमी का होतात ते कळलं."

मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. महिना संपत आला होता. सूनबाईने एकदा हळूच म्हटलंसुद्धा, "आई, परत दिला तरी मन लहान करू नका. आपण मासे आणू." त्या दिवसापर्यंत मी कधी कोणाशी अबोला धरला नव्हता, कारण अबोल्यात बोलता येत नाही. पण त्या दिवशी धरला. पहाटे उठून दिवा लावायचा, पानांवर पाणी शिंपडायचं, रातकिड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची, डबा ओतायचा. एवढं सगळं करून झालं की मला कोणी दमू नका म्हणायच्या आत दुपार झालेली असायची. ते आता जाणार होतं, आणि जाणार होतं ते साहेब उपाशी होते म्हणून नाही, तर मी मी होते म्हणून.

शेवटच्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी खुर्चीत ओंडका होऊन बसले होते. साहेब फांदीच्या टोकाला. रातकिडा समोरच्या पानावर, तसा चांगला लांब. दोन्ही डोळे एकत्र आले. तोंड उघडलं. सट्कन!

मागून कोणीतरी श्वास आत ओढला.

वळून बघते तर सूनबाई. डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आलेली, मी झोपले असेन म्हणून चपला हातात घेऊन दारात उभी. चपला हातातच, तोंड उघडं. अगदी साहेबांसारखी.

"आई! जीभ!"

"हळू."

"आई, पण तो तर तिकडे होता, आणि किडा इकडे!"

"हो."

"म्हणजे तुम्ही खरं..." चपला खाली ठेवून ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. साहेबांनी तिच्यादेखत आणखी एक किडा खाल्ला. बाईमाणसांसमोर जेवायला त्यांची हरकत नव्हती, हरकत चौकशीला होती.

संध्याकाळी मुलगा दारात पाय ठेवतो न ठेवतो, तोच सूनबाईने त्याला गाठलं. "जेवला! मी पाहिलं, या डोळ्यांनी पाहिलं."

मुलाने पिशवी खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तूसुद्धा?" तो म्हणाला.

"तूसुद्धा म्हणजे काय?"

"आईला वाईट वाटू नये म्हणून बोलतेयस. समजतं मला."

आता माझी सून म्हणजे जिच्या शब्दावर बँक लोकांना घरं बांधू देते. तिच्यावर जन्मात कोणी अविश्वास दाखवला नसेल. ती आधी पांढरी झाली, मग लाल झाली, आणि साहेब आपल्या फांदीवरून हे रंग दोन्ही डोळ्यांनी बघत राहिले.

"मी खोटं बोलतेय? मी? अरे, इथून तिथवर गेली जीभ!" तिने पिंजऱ्यापासून हात लांब केला तो थेट खिडकीपर्यंत. "ही एवढी! हातभर! जास्तच!"

मुलाच्या चेहऱ्यावर कचेरीतलं ते हसू आलं. मी ते ओळखते. दावा फेटाळताना येतं. मी उठले, सूनबाईचा लांब केलेला हात धरला आणि खाली आणला.

"नाही गं," मी म्हटलं. "हातभर कुठली? चार बोटं. फार तर पाच. उगाच वाढवून सांगू नकोस."

फ्रिजमागचा रातकिडासुद्धा थांबला. मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू त्याला राखेत अख्खी गाडी सापडली.

"किती म्हणालीस?"

"चार बोटं. आणि किडा पहिल्या फटक्यात धरला नाही, एकदा चुकला." हे मी उगाच घातलं. साहेब कधी चुकत नाहीत.

तो खुर्चीत बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. मग म्हणाला, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत स्वतःहून दावा कमी करणारा माणूस मी पाहिला नाही. आणि ती तू." मग पिंजऱ्याकडे बघून, "राहू दे त्याला. पण रातकिड्यांचा डबा झाकणाचा आण."

रात्री भांडी विसळताना सूनबाई माझ्याजवळ सरकली. भांडी मीच विसळत होते, आणि तिने मला दमू नका म्हटलं नाही.

"आई, चार बोटं नव्हती हो. चांगली वीतभर होती. आणि एकदाही चुकला नाही."

"होतीच वीतभर. मी काय आंधळी आहे?"

"मग?"

"अगं, थाप कितीही लांब चालते. खरं मात्र थोडं कापूनच द्यावं लागतं, नाहीतर लोकांच्या घशाखाली उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानांवर पाणी शिंपडत होते, तर ती दारात उभी राहून बँकेतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "तुला सांगते, आमचा सरडा परवा खिडकीतून जीभ टाकून समोरच्या गच्चीवरचं कबुतर..."

मी मधे बोलले नाही. नवीन शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी टोकू नये.